पूल पडतो, मजुरी बुडते. पैसे मागायचे कोणाकडे?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण, ऑगस्ट २०२५)

कवठे येमाईहून बोलतेय, तुमची बचत गटाची ताई. आज भाजीपाल्याचं, लोणच्या-पापडाचं काही नाही. आज एका प्रश्नाबद्दल बोलायचंय, जो जूनच्या मासिक बैठकीत आमच्या गटातल्या एका मावशीने विचारला आणि मला तिथं उत्तर देता आलं नाही.

१५ जूनला, रविवारी दुपारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट खाली गेला. चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. पुढच्याच आठवड्यात आमची बैठक होती. हप्ते, व्याज, सह्या बाजूलाच राहिल्या, सगळ्या त्या पुलावरच बोलत होत्या. कोणीतरी म्हणालं, सरकारने गेलेल्यांच्या घरच्यांना पाच-पाच लाख जाहीर केलेत, जखमींचा खर्चही उचललाय. तेव्हा ही मावशी म्हणाली, "ते बरंच झालं. पण जी वाचली, आणि पूल नाही म्हणून जिला कामावर जाता येईना, तिची मजुरी कोण देतं गं?"

मावशी हे उगाच विचारत नव्हती. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. मावशी आणि आणखी सात जणी रोज जीपने रांजणगाव एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जायच्या, ठेकेदाराकडून. जीप ओढ्याच्या अलीकडे थांबली ती अकरा दिवस. दिवसाला चारशे रुपये धरले तर एका बाईचे चार हजार चारशे गेले. बाराव्या दिवशी कामावर गेल्या तर आठपैकी तिघींच्या जागी दुसऱ्या बायका उभ्या होत्या. त्या अकरा दिवसांत मावशीने घरोघरी फिरणाऱ्या एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं. ते फिटायला दीड वर्ष लागलं. त्या मोरीची बातमी कुठल्या पेपरात आली नाही. कोणी मेलं नव्हतं ना!

म्हणून गेले दीड महिने मी जमेल तिथे विचारत फिरले. तहसीलला गेले, पंचायत समितीत गेले, एका कामगार वकिलांकडे दोन तास बसले, कागद वाचले. जे कळलं ते सांगते. काही गोष्टी ऐकून तुम्हाला राग येईल, मलाही आला.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. जीव गेला किंवा इजा झाली, ही एक. अंगाला ओरखडा नाही पण रोजगार गेला, ही दुसरी. पहिलीसाठी आपल्याकडे वाटा पुष्कळ आहेत. दुसरीसाठी फार थोड्या, आणि त्यासुद्धा आधी तयारी केली असेल तरच उघडतात.

पहिलीपासून सुरू करते. कामावर असताना अपघात झाला तर त्यासाठी २०२५ पर्यंत १९२३ सालचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. आठवतंय का, २०२३ च्या ऑगस्टच्या पहिल्याच रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर उचलायचं अवाढव्य यंत्र कोसळलं, वीस जण गेले. तेव्हा राज्याने पाच लाख, केंद्राने दोन लाख जाहीर केले. ते झालं सानुग्रह, म्हणजे सरकारने स्वतःहून दिलेलं. पण कायद्याची भरपाई वेगळी, ती मालकाने द्यायची, आणि सानुग्रह मिळालं म्हणून ती सुटत नाही. तिचा हिशोब ठरलेला आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे कायद्यात दिलेला आकडा. पस्तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १९७.०६ आहे. पगार बारा हजार असेल तर निम्मे सहा हजार, आणि गुणाकार येतो ११ लाख ८२ हजार ३६०. पाच लाखांचा चेक घेऊन फोटो काढून घरी बसलेल्या किती बायकांना हे माहीत असतं?

जखमी होऊन काही काळ काम करता आलं नाही, तर दर पंधरा दिवसांना पगाराच्या चौथा भाग. म्हणजे त्याच बारा हजारांवर पंधरवड्याला तीन हजार. ठेकेदार हात वर करून पळाला तर मूळ मालकाकडून मागता येतं, हे त्याच कायद्यात लिहिलं होतं. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा. जिथे ईएसआय लागू आहे तिथे ही भरपाई मालकाऐवजी ईएसआयकडून मिळते.

आणि कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर? याचं उत्तर अगदी ताजं आहे. ईएसआयच्या कायद्यात वाटेवरचा अपघात २०१० पासून धरतात. पण १९२३ च्या कायद्यात तो धरायचा की नाही यावर वाद होता. आपल्याच राज्यातला एक साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. विमा कंपनी म्हणाली, तो अजून कामावर पोचलाच नव्हता. परवा २९ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कामाशी, वेळेशी आणि जागेशी नीट संबंध दिसत असेल तर कामावर जातानाचा आणि येतानाचा अपघातही नोकरीतलाच धरायचा. त्याच्या बायकोला हे ऐकायला बावीस वर्षं लागली. ती तीन लाख सव्वीस हजारांसाठी भांडत होती. पण तिच्या भांडणाचा उपयोग आता जीपने, टेम्पोने, पुलावरून कामाला जाणाऱ्या आपल्या सगळ्यांना आहे.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते. अंगाला काही नाही, रोज बुडाला.

गेल्या महिन्यात, ९ जुलैला, गुजरातेत वडोदरा आणि आणंद जोडणारा महिसागर नदीवरचा गंभीरा पूल पडला. वीसहून जास्त माणसं गेली. बातम्या गेलेल्यांच्या आल्या, आणि त्या यायलाच हव्यात. पण त्या पुलावरून रोज आणंदच्या बाजूची माणसं पलीकडे पादऱ्याकडच्या कारखान्यांत कामाला जायची. आता त्यांना कितीतरी किलोमीटरचा वळसा. भाडं वाढलं, वेळ वाढला, कित्येकांना काम सोडावं लागलं. आपल्या ओढ्याचीच गोष्ट, फक्त नदी मोठी.

मी वकिलांना विचारलं, कारखाना बंद पडला तर कामगाराला काही मिळतं का? ते म्हणाले, मिळतं. त्याला ले-ऑफ म्हणतात. पन्नास किंवा जास्त कामगारांचा कारखाना असेल, तुमचं नाव मस्टरवर असेल आणि एक वर्ष पूर्ण झालं असेल, तर कच्चा माल आला नाही, वीज नाही, नैसर्गिक आपत्ती आली अशा कारणाने मालकाने काम दिलं नाही, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे द्यावे लागतात. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला नाही. मी खूश झाले. मग त्यांनी पुढची ओळ वाचून दाखवली. कामगाराने दिवसातून एकदा तरी ठरल्या वेळी कारखान्यात हजेरी लावली पाहिजे. नाही लावली तर पैसे नाहीत.

म्हणजे बघा. पुलाच्या पलीकडे राहणारी बाई कारखान्यात येऊन बसली आणि माल आला नाही म्हणून रिकामी बसली, तर तिला निम्मा पगार. पुलाच्या अलीकडे राहणारी बाई पोचूच शकली नाही, तिला शून्य. कायदा लिहिणाऱ्याने ओढा बघितलेला नसणार. मी वकिलांना तसं म्हटलं तर ते हसले.

मग आपत्तीचा कायदा? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्तीची व्याख्या चांगली रुंद आहे. निसर्गाने झालेली, माणसाने केलेली, अपघाताने किंवा हलगर्जीपणाने झालेली, सगळं त्यात आहे. मदतीचे किमान निकष ठरवताना उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठी सहाय्य, हे शब्दसुद्धा आहेत. पण पैसे येतात ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, आणि त्या निधीची यादी वेगळी आहे. पूर, वादळ, भूकंप, आग, दुष्काळ, गारपीट, दरड, ढगफुटी, कीड, थंडीची लाट अशी. नुसता पूल पडला हे त्या यादीत नाही. पुराने पडला तर पूर म्हणून बसवता येतं. गंजून पडला तर राज्य सरकारने मनावर घ्यावं लागतं. राज्याला आपल्या स्थानिक आपत्तींसाठी त्या निधीतला दहा टक्के भाग वापरता येतो, पण त्यासाठी ती आपत्ती आधी जाहीर केलेली हवी.

यादीत बसलं तर मात्र रोजगाराची सोय आहे, हे मला नव्याने कळलं. उपजीविकेला गंभीर धक्का बसलेल्या कुटुंबातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या दराने साधारण तीस दिवस पैसे देता येतात. आपल्याकडे हा दर २०२५ च्या एप्रिलपासून ३१२ रुपये होता. दोघांचे तीस दिवसांचे १८ हजार ७२० होत होते. केरळात वायनाडला गेल्या वर्षी ३० जुलैला दरड कोसळली, तेव्हा तिथल्या सरकारने घरातल्या दोघांपर्यंत दिवसाला तीनशे रुपये महिनाभर जाहीर केले होते. म्हणजे हे नुसतं कागदावरचं नाही. आपल्या राज्यानेही २०२३ च्या पुरात टपरीवाल्यांना दहा हजारांपर्यंत आणि दुकानदारांना पन्नास हजारांपर्यंत मदत ठरवली होती. पण त्यात टपरीत पाणी शिरलेलं दिसावं लागतं. टपरी कोरडी आणि गिऱ्हाईक पुलापलीकडे अडकलेलं, असं नुकसान पंचनाम्यात मांडायला रकानाच नसतो.

ही सवय जुनी आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. त्यानंतर घरांचं काम झालं, गोखलेनगर, सहकारनगर वसलं. घर दिसतं, मोजता येतं. पेठेत रोज काम करून रोज खाणाऱ्याचा बुडालेला महिना मोजायला कोणी बसलं असेल असं मला वाटत नाही.

दुसरीकडे काय करतात म्हणून शोधलं. अमेरिकेत बाल्टिमोर नावाचं बंदराचं गाव आहे. तिथे २०२४ च्या २६ मार्चला पहाटे एक मोठं मालवाहू जहाज पुलाला धडकलं आणि पूल पाण्यात कोसळला. पुलावर रस्त्यातले खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले, सगळे बाहेरच्या देशांतून पोटासाठी आलेले. पडलेल्या पुलाने बंदराची वाट अडली, हजारो हमाल, ड्रायव्हर रिकामे झाले. तिथल्या मेरीलँड राज्याने दोन आठवड्यांत, ९ एप्रिलला, खास कायदा केला, आणि ज्यांचं काम बंदर बंद पडल्यामुळे थांबलं त्यांना आठवड्याला ४३० डॉलरपर्यंत मदत सुरू केली. जून महिन्यात वाट पूर्ण मोकळी झाली. तो श्रीमंत देश आहे, आपली बरोबरी नाही, हे मलाही कळतं. मला त्यातलं एवढंच घ्यावंसं वाटलं की त्यांनी कोण जखमी झालं एवढंच न विचारता कोणाचं काम थांबलं हेही विचारलं. हा प्रश्न आपल्या ग्रामसभेत विचारायला डॉलर लागत नाहीत.

तोवर आपल्या हातात काय आहे? चार-पाच गोष्टी आहेत आणि सगळ्या अर्धवट आहेत.

रोजगार हमी. ही आपल्या महाराष्ट्राची देणगी, बहात्तरच्या दुष्काळातून आलेली. वाट बंद पडली आणि बाहेरचं काम थांबलं की त्याच दिवशी ग्रामपंचायतीत लेखी कामाची मागणी द्या आणि तारखेची पोच घ्या. पोच न घेता आलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो, पहिले तीस दिवस मजुरीच्या चौथा भाग, नंतर निम्मा. आमच्या आठ जणींपैकी फक्त एकीकडे जॉब कार्ड होतं, तेही सासूच्या नावाचं. "आम्ही कंपनीत जातो, आम्हाला कशाला मातीकाम?" असं म्हणून कोणी काढलं नव्हतं. कंपनीत जाणाऱ्यांनीही कार्ड काढून ठेवा.

ईएसआय. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ते ठिकाण ईएसआयमध्ये येत असेल तर पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के घालतो. त्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे पैसे नव्वद दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा. किमान दोन वर्षांची नोकरी आणि शेवटच्या काळातली ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ज्या तिघींच्या जागा गेल्या त्या यात बसल्या असत्या का? आम्ही आता मागे जाऊन पाहिलं. दोघींच्या पगारातून पैसे कापले जात होते, पण त्यांना विमा क्रमांक कधी मिळालाच नव्हता. तिसरीचं कापलंच जात नव्हतं. ठेकेदाराचं नाव घेत नाही. तो आता दुसरीकडे काम करतो. तुम्ही मात्र या महिन्याच्या पगारपत्रकावर बघा, कपात दिसते का, आणि दिसत असेल तर नंबर मागा.

बांधकामावर जाणाऱ्यांसाठी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी. पाट्या बदलल्या, रांग तीच.) कामावर मृत्यू आला तर मंडळाकडून पाच लाख आहेत. पण मी हे सांगते ते दुसऱ्या कारणाने. लॉकडाऊनमध्ये काम थांबलं तेव्हा २०२० च्या एप्रिलमध्ये या मंडळाने नोंदणी असलेल्यांच्या खात्यात दोन हजार टाकले, २०२१ ला पंधराशे. कोणी मेलं नव्हतं, जखमी नव्हतं, काम थांबलं म्हणून पैसे आले. म्हणजे नोंदणी असेल, खातं जोडलेलं असेल, तर असे पैसे देता येतात. जे काम बांधकाम मजुराला झालं ते पॅकिंगवाल्या बाईला का होऊ नये? नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं, हे विसरू नका.

वीस रुपयांचा विमा तुम्हाला माहीत आहे, प्रधानमंत्री सुरक्षा विमा. १८ ते ७० वय, अपघाती मृत्यूला दोन लाख. याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे मे अखेरीस खात्यातून आपोआप जातात. म्हणजे मेच्या शेवटी खात्यात वीस रुपये नसतील तर १५ जूनला पूल पडताना विमा नसतो. बैठकीत आम्ही बावीस पासबुकं उघडली. सात जणींचा विमा गेल्या वर्षापासून बंद होता आणि त्यांना पत्ता नव्हता. एकीच्या खात्यात अठरा रुपये होते.

राहिला आपला गट. खरं तर सगळ्यात आधी धावतो तो गटच, पण तोही आंधळेपणाने धावतो. त्या अकरा दिवसांत आमच्या गटाने मावशीला कर्ज दिलं नाही, कारण तिचा मागचा हप्ता थकला होता. नियमाने बरोबर होतं. मीच त्या वेळी अध्यक्ष होते आणि मीच नाही म्हणाले. आता आम्ही ठराव केलाय. वाट बंद, कंपनी बंद, अशा कारणाने रोज बुडला असेल तर दोन महिने हप्ता पुढे ढकलायचा, दंड नाही, आणि गंगाजळीतून तीन हजारांपर्यंत बिनव्याजी द्यायचे. ग्रामसंघाकडे अडचणीतल्या कुटुंबांसाठी जोखीम निधी असतो, त्यातून मागायचा अर्जाचा नमुना आम्ही लिहून ठेवलाय. ठराव इतिवृत्तात लिहून सह्या घेतल्या. तोंडी ठेवलं तर पुढची अध्यक्ष माझ्यासारखीच वागेल.

आणि फायनान्स कंपनीचा माणूस दारात उभा राहिला तर एवढं लक्षात ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे अशा छोट्या कर्जाच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही, आणि दमदाटी करता येत नाही. मावशीकडे तो सकाळी सातला यायचा, ती चुलीपुढे असताना.

एक काम मात्र वाट बंद झाल्या झाल्या करायचं. ज्या ज्या बाईचा रोज बुडाला तिचं नाव, कुठे कामाला जाते, दिवसाला किती, किती दिवस बुडाले, असा एक कागद करायचा. पुलाचा किंवा मोरीचा तारखेसह फोटो लावायचा. आठ जणींनी सही-अंगठे करून तहसीलदारांना द्यायचा आणि पोच घ्यायची. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण आज पंचनाम्यात ज्याला रकाना नाही ते निदान आपल्या हाताने लिहिलेल्या कागदावर तरी राहील, आणि ग्रामसभेत तो कागद वाचता येईल. आमच्या मोरीच्या वेळचे अकरा दिवस आम्ही आता पाठीमागून लिहून काढले. तिघींना तारखा आठवल्या नाहीत. मावशीला सगळ्या आठवल्या, कारण कर्जाच्या पुस्तकावर पहिल्या हप्त्याची तारीख होती.

पुढच्या बुधवारी दुपारी दोनला, देवळाशेजारच्या सभामंडपात, आम्ही बसणार आहोत. पासबुक, आधार, असेल तर पगारपत्रक आणि जॉब कार्ड घेऊन या. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी आधी या, म्हणजे फॉर्म भरायला वेळ मिळेल. टाकळी हाजी, सविंदणे, मलठणकडच्या बायकाही येऊ शकतात. फक्त पाऊस जास्त असेल तर ओढ्याचं पाणी बघून निघा.